बाई बाहेर आहे

माझी बायको गेली तेव्हा मुलगी सव्वा वर्षाची होती आणि मी जंगल खात्याच्या लाकडाच्या डेपोत मुन्शी होतो. कुरखेड्याहून सात कोस आत हा डेपो. मोकळ्या माळावर सागाचे ओंडके थप्प्या लावून ठेवलेले, कडेला खात्यानं दिलेली माझी दोन खोल्यांची कौलारू कोठी, आणि हाकेच्या अंतरावर गोंडांचं तीसेक घरांचं गाव. रानातून बैलगाड्यांवर ओंडके यायचे. ते उतरवून घ्यायचे, फीत लावून लांबी आणि गोलाई मोजायची, बुडख्यावर खात्याच्या हातोड्यानं ठोकून खूण उठवायची आणि थप्पीला लावायचे. काम अवघड नव्हतं, पण जागेवरून हलता येत नसे. आणि थप्पीवरचा ओंडका कधी घरंगळेल याचा नेम नसायचा. माझ्यादेखत एका मजुराचा पाय गुडघ्यापासून चिरडला होता. तिथे पोर घेऊन बसणं शक्यच नव्हतं.

सासूबाई वर्ध्याकडच्या. तेराव्याला त्यांनी मुलीला कडेवर घेतलं ते खाली ठेवायला तयार नव्हत्या. "तुमी पुरुषमानूस, जंगलात राह्यता, माह्या पोरीच्या पोरीले काय वाघाच्या हवाली करता?" असं त्या चारचौघांत म्हणाल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. पण मला पोर हवी होती. तिचं नाक तिच्या आईचं होतं आणि माझ्याजवळ बायकोचं दुसरं काही उरलं नव्हतं. शिवाय सासूबाईंपुढे हार खाणं मला जमणार नव्हतं. दोन्ही कारणं खरी आहेत, आणि दुसरं पहिल्यापेक्षा लहान होतं असं मी म्हणणार नाही. मी मुलीला घेऊन निघालो तेव्हा त्या दारातून ओरडल्या, "एक दिस जरी पोर वाऱ्यावर पडली असं कानावर आलं, तर येऊन घेऊन जाईन. मंग पाया पडले तरी देनार नाई."

म्हणजे मला बाई हवी होती, आणि रोज येणारी हवी होती.

मिळाली ती गावातलीच, तिशीच्या आतबाहेरची. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून भावाच्या घरी येऊन राहिलेली, मूलबाळ नाही. हाडापेरानं दणकट, कपाळावर नि हातांवर गोंदण. मराठी मोडकंतोडकं बोलायची, आणि तिकडच्या बायकांसारखी स्वतःला "मी येतो, मी जातो" म्हणायची. पहिल्या दिवशी तिनं पोरीला उचललं, डोक्याचा वास घेतला आणि म्हणाली, "इले तेल नाई लावलं कोनी." मला ते झोंबलं. मी म्हटलं, "तुले तेल लावाले ठेवलं, न्याय कराले नाई." ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतो आहे.

आली की काम चोख करायची, एवढं कबूल केलं पाहिजे. पोरीला न्हाऊ घालणं, भाताची पेज भरवणं, दुपारी पाठीला बांधून आंबाडीची भाजी खुडणं. पोरगी महिन्याभरात बाळसं धरू लागली. पाण्याला "येर" म्हणायला शिकली, तो गोंडी शब्द. मला "बाबा" म्हणायच्या आधी ती "येर" म्हणाली, हे मी बाईला कधी माफ केलं नाही.

आणि मग एका सकाळी बाई आलीच नाही.

सूर्य दोन हात वर आला. डेपोत गाड्या येऊन उभ्या, गाडीवान बिड्या फुंकत माझ्या नावानं हाका मारताहेत, आणि पोरगी माझ्या धोतराला धरून रडते आहे. शेवटी मी बायकोचं जुनं लुगडं काढलं, एक टोक पोरीच्या कमरेला आणि दुसरं बाजेच्या खुराला बांधलं, पुढ्यात मुरमुरे टाकले आणि दार लावून गेलो. दर घटकेला येऊन बघत होतो. तिसऱ्या खेपेला ती रडून रडून बाजेखाली झोपलेली होती, तोंडाला माती आणि मुरमुरे. असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी सकाळी बाई आली, केस धुतलेले, चेहरा ताजातवाना, जशी काही लग्नाची वऱ्हाडीण होऊन आली.

"काऊन नाई आली?"

ती खाली बघत राहिली. "नाई आलो."

"नाई आली ते मलेबी दिसलं. काऊन?"

"नाई येता आलं, बाबू."

पोरगी तिच्याकडे दोन्ही हात करून रडत होती आणि मी तिला पोर देत नव्हतो. पुरता पाव तास मी तिला उन्हात उभी ठेवली आणि बोलत राहिलो. मग पोर दिली, कारण गाड्या आल्या होत्या.

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. दोन दिवस अलीकडे की पलीकडे, पण चार-पाच दिवसांचा खाडा ठरलेला. मी मजुराला तिच्या भावाच्या घरी पिटाळायचो. तो येऊन मान खाली घालून सांगायचा, "बाई बाहेर हाय म्हन्तेत." बाहेर म्हणजे कुठे, विचारलं तर डोकं खाजवायचा. मी समजलो, कुठे तरी गावोगाव उंडारते. कुणाचं लग्न, कुठला बाजार, कुठे मोहाची दारू. डेपोत मी जाहीर करून टाकलं, "आमच्या राणीसाहेब फिरतीवर गेल्या." मजूर हसायचे नाहीत. मला वाटायचं, गोंडांना विनोद कळत नाही.

आता हसू येतं ते माझंच. हजार ओंडक्यांतला एक इकडचा तिकडे झाला तर मला कळायचं. आणि एका तरण्या बाईचा दर महिन्याला चार-पाच दिवसांचा खाडा माझ्या डोळ्यांपुढे होता, तरी डोक्यात उजेड पडला नाही. लग्न झालेला माणूस मी. आमच्याकडेही बायका बाहेर बसायच्याच. पण आमच्याकडे "बसली" म्हणत, आणि ती मागच्या पडवीत डोळ्यांपुढे असायची. इथे नुसतं "बाहेर हाय" म्हणाले आणि ती दिसेनाशी झाली, म्हणून मी तिला दारुडी ठरवली.

चौथ्या खाड्यानंतर मी तिला पोरीपुढे उभी केली. म्हटलं, "हिच्या डोक्यावर हात ठेव आन् म्हन, पुढच्या महिन्यात एकबी दिस चुकनार नाई."

तिनं हात मागे घेतला. "मी नाई ठेवत."

"काऊन? खोटं पडाचं भेव वाटते?"

"हाव," ती म्हणाली. "पोरीच्या डोक्यावर नाई ठेवत."

दुसरी कुणी असती तर हात ठेवून मोकळी झाली असती. तिला जे सांगता येत नव्हतं ते तिनं सांगितलं नाही, आणि जे पाळता येणार नव्हतं त्याची शपथ घेतली नाही. मला मात्र त्यात तिची लबाडी पकडल्याचा आनंद झाला. मी तिला म्हणालो, "तुह्यासारखीले देवानं पोर दिलं नाई ते बरंच केलं." ते तिला नीट कळलं. तिचं मराठी मोडकं होतं, पण एवढं मोडकं नव्हतं.

फाल्गुनात दोन गोष्टी एकदम अंगावर आल्या. रेंजर साहेब डेपोत आले तेव्हा पोरगी माझ्याजवळ होती, कारण बाई त्या दिवशी उशिरा आली होती. साहेबांनी थप्पीकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि म्हणाले, "मुन्शी, पुन्हा हे पोर इथे दिसलं तर मी वर लिहीन. लिलावाला मोठे साहेब येणार आहेत. तुमची नोकरी मला वाचवता येणार नाही." आणि त्याच आठवड्यात सासूबाईंनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र आलं. पोरीला बाजेला बांधून ठेवता असं ऐकलं, उन्हाळ्यात येते, बाई धड नसेल तर पोर घेऊन जाईन, दोन्ही भाचे बरोबर असतील. त्यांच्या कानापर्यंत ते कुणी पोचवलं देव जाणे. मी ते पत्र चुलीत घातलं. पोरगी गेली असती तर मी त्या कोठीत एकटा, ओंडके मोजत. तो विचारसुद्धा मला सहन होत नव्हता.

लिलावाची सकाळ उजाडली. चांद्याचे, बल्लारपूरचे ठेकेदार आदल्या दिवसापासून उतरलेले, मोठ्या साहेबांचा तंबू पडलेला. आणि बाईचा पत्ता नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीला खांद्यावर टाकून मी सरळ तिच्या भावाच्या घरी गेलो. भाऊ रानात गेलेला. भावजय अंगणात भात कांडत होती, मला बघून तिनं पदर तोंडात धरला. मी ओरडलो, "कुठी हाय ती? कोनत्या बाजारात गेली?" ओट्यावर बसलेली एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "बाहेर हाय, बाबू. बाहेर." आणि तिनं हनुवटीनं गावाच्या कडेला, नाल्याकडे दाखवलं. तिथे मोहाच्या झाडापलीकडे एक ठेंगणी झोपडी होती. मी ती कितीदा बघितली होती. जळण ठेवायची असेल असं समजलो होतो. दाराशी मडकं पालथं घातलेलं, वलणीवर लुगडी, आणि आतून बायकांच्या हसण्याचा आवाज.

तेव्हा मला कळलं. हा त्यांचा कुर्मा. महिन्याचे ते दिवस बाईनं गावात राहायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, त्या झोपडीत जायचं. घरचं माणूस भाकरी आणून लांब ठेवतं. पुरुषानं तिकडे फिरकायचं नाही, नाव काढायचं नाही. ती मला काय सांगणार होती?

कळल्यावर शरम वाटायला हवी होती. मला वाटला तो आनंद. बाई सापडली! हाकेवर बसलेली आहे, हातपाय धड आहेत, हसते आहे, आणि मी तिकडे नोकरी घालवून बसतो आहे. आणि त्याच क्षणी मला माझं घर आठवलं. माझी बायको बाहेर बसायची तेव्हा पोरगी दूध मागून रडली की माझी आई तिचं झबलं-टोपडं उतरवायची आणि नागडी करून तिला पडवीत सोडायची. विटाळ कपड्याला असतो, पोराच्या कातडीला नसतो, असं आमच्याकडे मानतात. पोर दूध पिऊन यायचं, आई पुन्हा झबलं चढवायची, देवही बाटत नसत आणि घरही. किती सोयीचं शास्त्र. मला वाटलं, हे जगात सगळीकडे चालतं.

मी मोहाच्या झाडाखाली पोरीचं झबलं काढलं. गळ्यातला काळा दोरासुद्धा काढला, न जाणो, तोही कपड्यातच धरत असतील. तेवढी काळजी मी घेतली. मग तिला खाली ठेवलं, झोपडीकडे तोंड केलं आणि म्हणालो, "जाय, तिथी हाय तुही बाई."

आतलं हसणं थांबलं. "बाबू, नेऊन घ्या! पोरीले नेऊन घ्या!" तिचाच आवाज. "इथी नाई चालत! बाबू!"

"नागडी हाय," मी ओरडून सांगितलं. "कपडा नाई अंगावर. काई होत नाई."

आणि मी वळून चालू लागलो. मागे तिघी-चौघी एकदम ओरडत होत्या. मग पोरीचं रडणं ऐकू आलं. तिथून नाला दहा पावलं, काठ उभा कापलेला. हे मला माहीत होतं. मला हेही माहीत होतं की ती उचलणार. पोर नाल्याकडे गेली असती तर ती तिच्या देवाला न जुमानता धावणार, याची मला खात्री होती, आणि त्या खात्रीवरच मी चाललो होतो. रडणं थांबलं तेव्हा मी मागे न बघताच समजलो.

लिलाव झोकात झाला. मोठे साहेब म्हणाले, "मुन्शी, डेपो चोख ठेवलाय." दिवस मावळायच्या आत मी जाऊन दुरूनच टाळी वाजवली. पोरगी झाडाच्या मुळाशी बसवलेली होती, अंगावर पळसाची पानं दोऱ्यात ओवून बांधलेली, उन्हानं भाजू नये म्हणून. पोट भरलेलं. झोपडीचं दार बंद. मी पोरीच्या अंगावर घागरभर पाणी ओतलं, झबलं चढवलं आणि घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावचा भूमिया कोठीवर आला. गावाच्या देवाचं सगळं तोच बघायचा, आणि न्यायनिवाड्यालाही तोच बसायचा. म्हातारा, अंगात फक्त धोतर, डोक्याला पटका. माझ्या पडवीत खुर्चीवर रेंजर साहेब चहा पीत बसले होते. भूमिया खाली उकिडवा बसला.

"बाबू," तो म्हणाला, "काल पोरगी कुर्म्यात गेलती. आमची बाई तिले शिवली. दुसऱ्याचं, चालतं पोर, तिथी न्याचं नाई अशी आमची रीत. ती म्हन्ते, तुमी आनून सोडली. आता तुमी सांगा. तुमी सोडली असान तर तुमी परके, तुमाले रीत ठाव नाई. येऊन बसा, पानी शिंपडू, देवाले एक कोंबडी देऊ, गोष्ट मिटली. तिनंच नेली असन तर गोष्ट येगळी हाय."

एवढंच होतं. एक कोंबडी आणि चार थेंब पाणी.

पण साहेबांनी कप खाली ठेवला होता आणि ते माझ्याकडे बघत होते. लिलावाच्या दिवशी मुन्शी डेपो सोडून बायकांच्या त्या झोपडीपाशी गेला, तेही स्वतःची पोर नागडी करून, हे साहेबांपुढे बोलायचं होतं. साहेबांनी ते क्लबात हसत हसत सांगितलं असतं. कागदावर लिहिलं असतं तर नोकरी गेली असती, आणि नोकरीबरोबर पोर. हे सगळं मी एका श्वासात मोजलं. मोजण्यात मी तरबेज होतोच.

"मी कशाले जाऊ तिकडं?" मी म्हणालो. "मी दिवसभर डेपोत होतो, साहेबांना विचारा. पोरीले तिचा लळा हाय. तिनंच बोलावून घेतली असन."

भूमिया माझ्याकडे बघत राहिला. त्याला खरं काय ते ठाऊक होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. पण गावानं जळण आणायचं ते आमच्या रानातून, बांबू तोडायचा तो आमच्या परवानगीनं, ढोरं चारायची ती आमच्या मेहेरबानीनं. खात्याच्या माणसाला खोटा म्हणायची त्याची काय टाप? त्यानं हात जोडले. "तुमी म्हनान तसं," म्हणाला आणि उठून गेला. साहेब हसून म्हणाले, "या लोकांचे एकेक प्रकार." मी पण हसलो.

झोपडीतल्या दुसऱ्या बायकांनी तिच्या बाजूनं साक्ष दिली असं मागाहून कळलं. ती बायकांची साक्ष, आणि इकडे सरकारी बाबूचा शब्द. बाबू खोटा नाही म्हटल्यावर बाई खोटी ठरलीच. रीत मोडली त्यापेक्षा देवापुढे खोटं बोलली, हा गुन्हा मोठा धरला गेला. भावानं तिला घराबाहेर काढलं. तिच्या हातचं पाणी कुणी घ्यायचं नाही, तिच्याशी चुलीचा संबंध ठेवायचा नाही, असं ठरलं.

तीन दिवसांनी ती माझ्या दारात आली. हातात गाठोडं. मला वाटलं, आता शिव्या घालील, दगड मारील. मी दाराला हात धरून उभा होतो.

"बाबू," ती म्हणाली, "मले राहाले जागा द्या."

मी जळणाचा छपरीवजा कोठा रिकामा करून दिला. आणि खरं सांगतो, त्या रात्री मी शांत झोपलो. त्या दिवसापासून ती एकदाही चुकली नाही. उजाडायच्या आत झाडलोट, पोरीचं न्हाणं, माझी भाकरी. पुढच्या सहा महिन्यांत एक खाडा नाही. जी गोष्ट मी ओरडून, उन्हात उभी करून, शपथा घालून मिळवू शकलो नाही, ती एका खोट्या वाक्यानं मिळाली. तिला जायला जागाच उरली नव्हती.

वैशाखात सासूबाई आल्या, दोन्ही भाच्यांसह. आठ दिवस राहिल्या. डोळ्यांत तेल घालून सगळं पाहिलं. पोरगी गुबगुबीत, केसांना तेल, डोळ्यांत काजळ. एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "इचे महिन्याचे चार दिस असतीन ना? तवा पोर कोन पाह्यते?"

"तेव्हाही तीच," मी म्हणालो. "इथेच असते. ती तसलं काही पाळत नाही."

पाळत होती. पहिल्या महिन्यात तिनं छपरीच्या मागे लाकडांच्या आडोशाला तट्टा लावून जागा केली होती. मीच तिला तिथून उठवली, आमच्याकडे पोराला विटाळ नसतो म्हणून. तेव्हा मी स्वतःला सुधारलेला समजत होतो. मग कधीतरी माझं मन द्रवलं, किंवा तसं दाखवायची हौस आली, आणि मी म्हटलं, "चार दिस तुमच्या त्या झोपडीत जाऊन ये. आराम कर. मी पाह्यतो पोरीचं."

ती पोरीची वेणी घालत होती. वर न बघता म्हणाली, "तिथीबी येऊ देत नाईत, बाबू."

सासूबाई गेल्या. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला, त्या जन्मात पहिल्यांदाच. "बाई चांगली भेटली तुमाले," म्हणाल्या. "सांभाळून ठेवा." मी जिंकलो होतो.

दोन वर्षं अशी गेली. वर्षातून एखाद-दोनदा ती विचारायची, फार हळू, जसं काही मीठ मागते आहे. "बाबू, भूमियाले सांगान का?" मी म्हणायचो, हंगाम संपू दे. हंगाम संपला की म्हणायचो, पाऊस होऊ दे. खरं तर रेंजर साहेबांची बदली कधीच झाली होती आणि माझी नोकरी पक्की झाली होती. आता सांगितलं असतं तर माझं काही बिघडणार नव्हतं. फक्त बाई भावाकडे परत गेली असती, आणि महिन्याला पाच दिवस खाडा सुरू झाला असता.

मग माझी चांद्याला बदली झाली. तिथे शाळा होती, शेजार होता, आणि सासूबाई येऊन राहायला तयार झाल्या होत्या. बाईची गरज नव्हती. माझ्या जागी येणारा मुन्शी सडाफटिंग होता, त्याला स्वयंपाकाला आपला माणूस होता आणि छपरीत त्याला घोडा बांधायचा होता. हे सगळं मी तिला आदल्या दिवशी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

सकाळी गाडी जुंपली. पोरगी चार वर्षांची झाली होती, बाईच्या कमरेला मिठी मारून बसली होती. मी ओढून सोडवली तेव्हा बाईच्या लुगड्याचा काठ फाटला. बाईनं पोरीचे हात आपल्या हातानं सोडवायला मला मदत केली. मग गाडीच्या चाकाला धरून म्हणाली, "आता तर तुमी जाऊन राह्यले, बाबू. आता तुमाले कोन काय करनार हाय? जाताजाता तरी सांगून जा."

"सांगतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"भूमियाचं घर वाटेवरच हाय ना. सांगतो."

तिनं चाक सोडलं आणि पडवीत जाऊन उभी राहिली. तिथून भूमियाचं अंगण दिसतं. गाडी निघाली. पोरगी मागे बघून किंचाळत होती, बाईच्याच भाषेत काहीतरी, मला न कळणारं. भूमिया अंगणात दोर वळत बसला होता. गाडी बघून उठला, दोर बाजूला ठेवला आणि वाटेवर येऊन उभा राहिला. गाडीवानानं बैल थांबवले.

"जोहार, बाबू."

"जोहार."

त्यानं एकदा मागे कोठीकडे बघितलं, पडवीतल्या तिच्याकडे. मग माझ्याकडे. "जाऊन राह्यले म्हनता," तो म्हणाला. "आमाले काई सांगाचं हाय का?"

तो वाट बघत उभा होता. ऊन चढत होतं, पुढे सात कोसांची वाट होती, आणि पोरीला गप्प कसं करायचं हे मला कळत नव्हतं.

"डेपोवर नजर ठेवा," मी म्हणालो. "लाकडं चोरीले जातात." आणि गाडीवानाला म्हटलं, हाक.